हरिबाचा ठेका

मिलिंदचा विषय निघाला की मी आधी चिडते. सत्त्याण्णव साली सांगलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. मशिनं मोजून चार, आणि त्यातलं एक माझ्याकडं शिकवणाऱ्या या बाबानंच तीन महिने अडवून ठेवलं. माझ्याच क्लासात माझ्या डोक्यावर मिरे वाटले त्यानं.

कारण त्याच्या वडिलांचं तालयंत्र. राजारामतात्या तासगाव भागात भीमगीतं गायचे. हरिबा त्यांचा ढोलकीवाला, तीस वर्षांचा जोडीदार. गावोगाव फिरणं हरिबाला झेपेना तेव्हा त्यानं आपला ठेका बोटांनी त्या यंत्रात भरून दिला, आणि वर्षभरात गेला. त्याच्या हाताचं एवढंच मागं उरलं होतं. आता यंत्रातला सेल संपत आला होता, आणि सेल गेला की ठेकाही पुसला जाणार होता.

मिलिंदनं यंत्र उघडून आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि कॉम्प्युटरला त्या यंत्राचं सोंग घ्यायला शिकवलं. ठेका वाजला. पण दर चौथ्या ओळीला एक थाप उशिरा पडायची.

"विनोदिनीताई, आपलं मशीन मागं पडतंय," तो म्हणाला. मूळ यंत्राशी पडताळून बघावं तर तोवर त्याचा सेल संपलेला. शेवटी त्यानं प्रोग्राममध्ये एक ओळ घालून सगळ्या थापा मापात बसवल्या. मलाही ते बरोबर वाटलं. आम्ही दोघं अतिशहाणे.

तात्या आले, खुर्चीत बसून गायला लागले, आणि चौथ्या ओळीत खोकत थांबले. पुन्हा गायले, पुन्हा तिथंच अडले.

"ह्यो हरिबा न्हाई," ते म्हणाले.

"तात्या, त्यांचाच ठेका आहे. एक थाप चुकत होती, ती तेवढी काढली," मिलिंद म्हणाला.

तात्यांनी छातीवर हात ठेवला. "मला दमा हाय. तितं श्वास पुरत न्हाई. म्हणून हरिबा थाप मागं धरायचा, लोकांस्नी कळू न देता. तू कवा तालमीला बसला असतास तर तुलाबी ठावं असतं."

मिलिंदनं मान खाली घालून प्रोग्राममधली ती ओळ पुसली. माझीही मान वर होईना.

तात्या पुन्हा गायले. चौथ्या ओळीला थाप थांबली, त्यांनी श्वास घेतला, आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. मला रडू आवरलं नाही. गाणं संपल्यावर तात्यांनी सवयीनं डावीकडं, हरिबा बसायचा तिकडं, वळून बघितलं. तिथं माझा मॉनिटर होता.

"तुला दम लागतो का," ते त्याला म्हणाले, "ते म्या कवा इचारलंच न्हाई, गड्या."