अंतरपाट दोनदा पडला

पुंडलिक ठवकर मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. जबलपूरच्या गढा भागातल्या एकाच स्टुडिओत आम्ही अठरा वर्षं काढली. मी लग्नात कॅमेरा घेऊन घाम गाळायचो आणि हा गडी दुसऱ्या दिवशी पंख्याखाली बसून एडिटिंगमध्ये माझे चांगले शॉट उडवायचा. नवरीच्या आईचा चेहरा मी श्वास रोखून टिपलेला असायचा, आणि तिचे डोळे भरून आले की पुंडलिक नेमक्या त्याच जागी गुलाबाच्या पाकळ्या सोडायचा. जाब विचारला तर म्हणायचा, "रडणं काहून दाखवायचं? लग्न आहे, मयत नाही."

त्याचं सॉफ्टवेअर संगणकाबरोबर फुकट आलेलं. चित्रासाठी एक पट्टी, गाण्यासाठी एक पट्टी, बाकी उलटणारी पानं, बदाम आणि पिसारा फुलवणारा मोर. पण त्यात तो असा काही मुरला होता की सकाळी दिलेलं लग्न जेवायच्या आत तयार. सिहोऱ्याकडचा हा माणूस, वय बावन्न, दुसरं काही शिकलेला नाही. त्या खुर्चीबाहेर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो तिला चिकटून होता.

मालक बापूसाहेब आजारपणाने घरी बसले आणि त्यांच्या सूनबाई विनतावहिनी स्टुडिओ बघू लागल्या. पुण्याच्या. जबलपुरात येऊन तीन वर्षं झाली तरी भाजीवाल्याशीसुद्धा पुस्तकासारखं बोलायच्या. मला त्याही आवडत नसत. त्या 'पुंडलिकराव' म्हणायच्या तेव्हा त्यातला 'राव' शिवीसारखा लागायचा.

ठिणगी पडली ती महाराजपूरच्या एका लग्नावरून. त्या लग्नाला पहिल्यांदाच दोन कॅमेरे होते. साध्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची जुळणी होईना, म्हणून पुंडलिकने एकाचं झाल्यावर दुसऱ्याचं जोडून दिलं. अंतरपाट एकदा समोरून पडला, अक्षता पडल्या, आणि लगेच बाजूने पुन्हा पडला, पुन्हा अक्षता. नवरदेवाच्या आत्याने फोन करून विचारलं, आमच्या मुलाचं लग्न दोनदा का लावलंत?

"पुंडलिकराव, हे काय आहे?" वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं.

"दोन्ही कॅमेरे आपलेच आहेत न वहिनीजी. एक ठेवून एक कापला तर कॅमेरावाला रुसते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी इतकी काळजी त्याला अठरा वर्षांत पहिल्यांदाच वाटली होती.

पंधरा दिवसांत प्रोफेशनल सॉफ्टवेअर आलं, त्याला पेलणारा नवा संगणक आला आणि ते चालवायला इंदूरहून शिकून आलेली अंजनी आली. तेच महाराजपूरचं लग्न तिला नव्याने करायला दिलं. तिला नऊ दिवस लागले. पुंडलिक रोज येताजाता टोमणे मारायचा, "होऊ दे आरामात. तोपर्यंत नवरी बाळंतपणाला माहेरी येते."

दहाव्या दिवशी फिल्म लागली. अंतरपाट एकदाच पडला आणि पडता पडता चित्र एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर असं गेलं की मलाही कळलं नाही. मंगलाष्टकांवर गाणं नव्हतं. नवरीच्या आईचा चेहरा पूर्ण होता, माझ्याच हातचा. मला भरून आलं आणि त्याहून जास्त आनंद पुंडलिकचं तोंड बघून झाला. तो दारापाशी उभ्या उभ्या सगळं बघत होता.

"सोमवारपासून सगळं काम यावर," वहिनी म्हणाल्या. "शिकायचं असेल तर अंजनी शिकवेल. नाहीतर काय ते लेखी कळवा."

शनिवारी पुंडलिक एक कागद घेऊन माझ्याकडे आला. "शेखर, तू नागपूरला शिकलेला. जरा नजर टाक. हिंदीत लिहिलं तर पुण्याची बाई म्हणेल याला मराठी येत नाही."

कागदावर लिहिलं होतं: 'आदरणीय विनतावहिनी, सॉफ्टवेअरच्या भांडणात माझ्याकडून राजीनामा. मनात काही राग ठेवून नाही राहिलो. मंजूर करावा ही विनंती.'

मी ते दोनदा वाचलं. सिहोऱ्याच्या कोर्टात पुंडलिकचा चुलतभावाशी बांधाचा दावा होता. इकडे कोर्टात दोन्ही पक्ष भांडण मिटवतात त्या कागदाला राजीनामा म्हणतात. त्याला म्हणायचं होतं, मी समेट करतो, शिकतो. पुण्याची बाई त्याचा काय अर्थ घेणार हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

मी दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले.

"ठीक आहे न?"

"एकदम ठीक," मी म्हटलं.

वहिनींनी कागद वाचला. मग मला बोलावून विचारलं, "त्यांनी नीट विचार करून लिहिलंय ना हे?" मी खोटंच सांगितलं, माझ्यासमोरच लिहिलंय. त्यांनी खाली 'मंजूर' लिहून सही केली. ती सही पाहून पुंडलिकचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी तो नवी दोनशेपानी वही आणि अंजनीसाठी खोव्याची जलेबी घेऊन आला. "मॅडम, आता तुम्ही गुरू," असं काहीतरी म्हणत होता, तोवर वहिनी शाल आणि नारळ घेऊन आल्या. शाल त्याच्या खांद्यावर घातली. त्याला वाटलं, समेटाचा मान आहे. लाजून हसला. मग वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं सांभाळलंत. निवृत्तीच्या शुभेच्छा, पुंडलिकराव."

पुंडलिक मूर्ख नव्हता. 'निवृत्ती' आणि 'राजीनामा' हे शब्द क्षणभर त्याच्या डोक्यात फिरले आणि त्याला सगळं समजलं. तेव्हाही तो बोलला असता तर निभावलं असतं. पण आपलं मराठी चुकलं हे पुण्याच्या बाईपुढे कबूल करण्यापेक्षा त्याने खुर्ची जाऊ दिली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि कागद परत देताना मी नेमका त्याच्या याच स्वभावावर विसंबलो होतो.

त्याने शाल काढून घडी घातली आणि माझ्याकडे वळला. "शेखर, तू तर वाचलं होतं न?"

मी मानेनेच हो म्हटलं. तो वही काखेत मारून जिना उतरला. मला वाटलं होतं आता बरं वाटेल. वाटलं नाही.

"काय वाचलं होतंत तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही वहिनी," मी म्हटलं. "शुद्धलेखन."