इंदरबाईचा चुकलेला जिल्हा

नवरा मेला त्या दिवसापासून माझी बहीण सुखी झाली.

हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे.

माझी धाकटी बहीण इंदरबाई परवा वारली.

मोठ्या दुष्काळात एक खाणारे तोंड कमी व्हावे, म्हणून वडिलांनी तिला औशाजवळच्या एका गावात देऊन टाकले. विहिरीला पाणी आहे, एवढे पाहिले. माणूस कोणी पाहिला नाही.

पुढे उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला, औसा त्यात गेले. त्याच सुमारास माझी पत्नी लातूरला दवाखान्यात होती. मी बहिणीला निरोप धाडला, जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे, भेटून जा.

इंदरबाई जन्मात पहिल्यांदा एकटी निघाली. औशाच्या स्टँडवर तिने एका म्हाताऱ्याला जिल्ह्याची गाडी विचारली. तिच्या लेखी, आणि त्याच्याही लेखी, जिल्हा म्हणजे उस्मानाबादच. त्याने तिला तिकडच्या गाडीत बसवून दिले.

तिथे नातलग नाही, परतीची गाडी नाही. एका कासारणीच्या शेजारी ती स्टँडवरच मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी घरी परतली.

दारात नवरा, दीर, शेजारी. मलाही बोलावून घेतले होते. प्रश्न एकच होता, हिला घरात घ्यायचे की नाही.

नवऱ्याने विचारले, "रात्री कुठं होतीस?"

"जिल्ह्याला. जिल्हा सरकारनं हलवला. म्या न्हाई."

एक शेजारी हसला.

त्या हसण्याचा मार तिने खाल्ला. चपलेने, सर्वांसमोर.

मी मध्ये पडलो. माझ्याबरोबर चल म्हणालो. लेकरे दाराआड उभी होती, त्यांना सोडून ती आली नाही.

नवऱ्याने तिला घरात घेतले. मात्र तो जिवंत असेपर्यंत तिला औशाच्या बाजारालाही जाऊ दिले नाही.

मी निघालो तेव्हा तिचा ओठ सुजलेला होता. हळूच म्हणाली,

"दादा, तिथं मला कुणीच वळखत नव्हतं. खुर्चीवर बसून चहा पिले. लई बरं वाटलं."

तो मेला. दिवस आटोपले, आणि इंदरबाई स्टँडवर.

पाटी वाचता येत नसे. कंडक्टरला विचारायची, "ही गाडी कुठं जायलीय?" तो सांगेल ते गाव तिला चालत असे. नांदेड, उदगीर, जळकोट. मध्येच अहमदपूरला माझ्याकडे उतरायची. मी विचारले, तिथे तुझे काम काय?

"काम असलं की गाव दिसत न्हाई, दादा."

मी चौथी शिकलेला माणूस. प्रवास पुष्कळ केला, तो सोयरिकींसाठी आणि कोर्टाच्या तारखांसाठी. गाव एकही पाहिले नाही.

शेवटी एकदा तिच्याबरोबर देगलूरला गेलो. बाजारात एक जण मला म्हणाला, "ए म्हाताऱ्या, सरक."

अहमदपुरात असे बोलण्याची कोणाची छाती नाही.

इंदरबाई पोट धरून हसली. थोड्या वेळाने मीही हसलो. चार लोकांचा नमस्कार माणसाला दिवसभर सांभाळावा लागतो. तो उतरवून ठेवता येईल अशा गावी अधूनमधून जावे. मन हलके होते.

काल भाच्यांनी चौकात बॅनर लावला. तिच्या शेजारी नवऱ्याचा फोटो. खाली अक्षरे, 'पतिचरणी विलीन'.

मी थोरल्या भाच्याला म्हणालो, तो फोटो काढ.

"मामा, लोक काय म्हणतील? मेल्यावर तरी संगं ऱ्हाऊ द्या की."

"मेल्यावर तरी सोड म्हणावं त्याला."

बॅनर तसाच आहे. म्हणून येथे लिहावे लागले.

इंदरबाई, तू एकटी जा. तो वाटेत दिसला तर ओळख देऊ नकोस.

थोरला असूनही तुला वाकून नमस्कार करतो.