थुंकीतला तलाव

चहा हातात घ्या आधी, पण कप जरा सांभाळून धरा. हा किस्सा ऐकताना चहा सांडतोच, आणि सांडला की मंदा मलाच बोलते. आणखी एक आधीच कबूल करून टाकतो. यात दुसऱ्या कोणाचीही चूक नाही. सगळा गाढवपणा माझा, माझ्याच तोंडामुळे झालेला. असो, पहिल्यापासून सांगतो.

आमचं आडनाव काशीवार. गाव गोरेगाव तालुक्यातलं, आणि गावाला एक जुना तलाव. अर्ध्या गावाचं धान त्याच्या पाण्यावर पिकतं. आमच्या समाजाच्या पूर्वजांनी असे तलाव बांधण्यातच जन्म घालवला. मला तर पाळण्यात असल्यापासून शिकवलेलं, की आपला मूळपुरुष थेट काशीहून आला. खांद्यावर कुदळ, डोक्यावर घाम. हे रान पाहिलं आणि म्हणाला, इथं तलाव होईल! पुरावा? अहो, आडनावच पुरावा! आणखी काय ताम्रपट पाहिजे तुम्हाला?

अडचण एकच होती. तलावाच्या दुसऱ्या अंगाला डोंगरवारांचं घर. ते म्हणतात, तलाव आमच्या मूळपुरुषाने खोदला. आणि त्याच डोंगरवारांची मुलगी मंदा, म्हणजे माझी बायको. ज्यांना मी मामाजी म्हणतो ते माझे सासरे, आणि तेच माझे विरोधी पक्षनेते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, वादालाही तेवढीच.

वाद कशाचा? नारळाचा! धानाची रोवणी लागण्याआधी आमच्याकडे तलावाचं तुडूम उघडतात. तुडूम म्हणजे शेताकडे पाणी सोडायचं दार. त्या दिवशी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पूजा होते, आणि ज्याच्या पूर्वजाने तलाव बांधला त्या घरचा माणूस नारळ फोडतो. तो माणूस म्हणजे दरवर्षी मामाजी. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी. नारळ फोडला की ते माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि मी काय करायचं? जावई म्हणून बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. अठ्ठावीस वर्षं वाजवल्या हो!

मागच्या वर्षी मात्र माझा ताबा सुटला. भर पाळीवर मी म्हणालो, "मामाजी, पुरे झालं. तलाव आमचा हाये."

"काऊन?" मामाजी म्हणाले. "कागद हाये का?"

"कागद कायले? आता विज्ञान हाये. डीएनए तपासू. ज्याचं खानदान खरं, त्याचा नारेल. कायमचा!"

मामाजींनी टोपी सरळ केली. "तपासा न जवाईबापू. माहं रक्त काई भेसळीचं नाई."

झालं! माझ्या तोंडून शब्द गेला होता आणि सगळ्या गावाने ऐकला होता.

आमची मुलगी चित्रा पुण्याला नोकरी करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, त्यातून पूर्वज साधारण कुठल्या भागातले आणि कोण कोणाच्या नात्यात एवढंच कळतं. थुंकीत तलाव नाही दिसत."

"तू फक्त मागव," मी म्हणालो. पोरीने बिचारीने तपासणीचे दोन डबे मागवले, एक आजोबांचा आणि एक माझा, दोन्ही तिच्या एकाच खात्यावर. प्रत्येक डब्यात एक नळी. सूचना साधी होती. अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, आणि मग खुणेपर्यंत नळीत थुंकायचं.

मामाजींचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी दोन मिनिटांत नळी भरली आणि विचारलं, "अजून पायजे का?"

आता इथे मला माझं एक गुपित सांगावं लागणार. मी शाळेत मुख्याध्यापक आहे. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. अक्षर माझंच. आणि मी खर्रा खातो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत मस्त घोटलेला! हे जगात दोघांनाच माहीत होतं, मंदाला आणि पानठेलेवाल्याला. मंदाने किती वेळा सांगितलं, शपथा घातल्या. मी दर सोमवारी सोडायचो आणि मंगळवारी धरायचो.

नळी द्यायच्या दिवशी आमच्या घरी पाच वाजता कुरिअरवाला येणार होता. साडेतीनला मी खर्रा थुंकला, चूळ भरली आणि खुर्चीवर बसलो. तोंड कोरडं ठणठणीत! मे महिन्यातल्या धानाच्या बांधीसारखी भेग पडायची तेवढी बाकी. चिंच आठवली, कैरी आठवली, मामाजींचं मिशीतलं हसू आठवलं. एक थेंब नाही. सव्वाचारला वाटलं, चिमूटभर खर्रा लावू, सुटेल पाणी. सुटलं की! पण नळीत असा लालभडक रंग उतरला की पानठेल्याचा कोपरा बरा. नळी घासून धुतली. घड्याळात पावणेपाच.

मंदा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी नळी तिच्यापुढे धरली. "मंदे, थोडी थुक न याच्यात."

"का म्हणलं?"

"थुक. लवकर. गाडीवाला येऊन राहिला."

"अवो, डोकं फिरलं का तुमचं? नळी तुमची, मी कायले थुकू? माही थुकी तुमची कशी होईन?"

आणि इथे, मित्रांनो, मी जे बोललो ते जरा कान देऊन ऐका. मी म्हणालो, "लग्नात तुह्या बापानं कन्यादान केलं का नाई? त्याच घडीले तुहं कूळ बदललं. आधार कार्डावर काय हाये? मंदा काशीवार! मतदार यादीत? मंदा काशीवार! अठ्ठावीस वर्स आमचं पानी पेलीस, आमचा भात खाल्लीस. आता तुह्यात डोंगरवार उरला कितीक?"

आणि मी विषय कोणता शिकवतो माहीत आहे? विज्ञान! आनुवंशिकतेचा धडा, वाटाण्याची झाडं काढून, वीस वर्षं शिकवतोय. उंच वाटाण्याचं लग्न बुटक्या वाटाण्याशी लावलं की बुटका वाटाणा आधार कार्ड बदलून उंच होतो, असं मी एकाही पोराला कधी सांगितलेलं नाही. पण मंदाला सांगितलं.

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "खरंच वाटते असं तुमाले?"

"वाटते काय? शास्त्र हाये!"

"आणा मंग. पाहू तरी, माह्यात कोन कितीक उरला थे." आणि एका दमात नळी भरून माझ्या हातात दिली.

अहवाल नेमका यंदाच्या पूजेच्या आदल्या दिवशी आला. मी चित्राला बजावलं, "उघडायचा नाई. उद्या पाळीवरून फोन करतो, गावासमोर उघडायचा. कोनाले शंका नको." केवढा माझा विश्वास! नुसता फोन नाही, देवळाचा भोंगा मागवला, माइक आणला आणि माइकला मोबाइल लावून उभा राहिलो. अख्खं गाव जमलेलं. मी शुद्ध मराठीत भाषणही ठोकलं, "बंधू-भगिनींनो, आज विज्ञानाच्या साक्षीने सत्याचा निवाडा होणार आहे."

चित्राचा आवाज भोंग्यातून घुमला. "आजोबांचा नमुना. पुरुष. पूर्वज मध्य भारतातले."

"काशी?" मी विचारलं.

"काशीबिशी काही नाही, पप्पा. आता तुमचा. पूर्वज मध्य भारतातले. इथेही काशी नाही." लोक खसखसले. "आणि पुढे... पप्पा, स्पीकर बंद करा जरा."

"बंद नाही करणार!" मी गरजलो. "जे खरं असेल ते गावाला कळू दे!"

"पप्पा, प्लीज."

"वाच!"

"तुमचा नमुना... स्त्री."

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, लपवून ठेवलं न तुमी!"

"यंत्राची चूक असते!" मी ओरडलो. "पुढचं वाच!"

"दोन नमुन्यांचं नातं," चित्रा रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाप आणि लेक."

आता सगळं गाव मामाजींकडे वळलं. सगळ्यात आधी सुभद्राआजी बोलली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, दात नाहीत पण आवाज भोंग्याच्या वरचा. "अगे माय वो! म्हंजे गुरुजी डोंगरवाराचं पोर! मंग गुरुजी अन् मंदी बहीन-भाऊ झाले न! अठ्ठावीस वर्स!"

सरपंच मटकन खाली बसले. एकाच कुळात सोयरीक ऐकूनच आमच्याकडे लोक कानावर हात ठेवतात. हे तर एकाच घरातलं निघालं! कुजबूज सुरू झाली, आणि ती हळूहळू माझ्या स्वर्गवासी आईच्या नावापर्यंत सरकायला लागली.

मामाजी धोतर सावरत ओरडले, "माह्याकडे कायले पाहून राहिले गा? म्या काईच नाई केलं!"

खरं सांगून टाकावं, तर सगळ्या गावासमोर नाक कापलं जाणार. नाही सांगावं, तर आईची अब्रू जाणार. आणि तोंड तर नळीच्या दिवसासारखंच कोरडं!

तेवढ्यात मंदा पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला.

"कोनी माह्या सासूबाईचं नाव घेऊ नोका. थे बाई सोन्यासारखी होती. थुकी माही हाये."

"तुही काऊन?" सुभद्राआजीने विचारलं.

"यायच्या तोंडात खर्रा होता, म्हून."

भोंगा, मंडळी, भोंगा! ते वाक्य तलावावरून गेलं, बांध्यांवरून गेलं आणि शाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरांना जाऊन धडकलं. पोरं तर उड्या मारायला लागली.

मंदा थांबली नाही. "गुरुजी म्हनले, लग्न झालं, आता तुह्यात डोंगरवार उरला नाई. मशिनीनं सांगलं आता, उरला का नाई थे." आणि मग माइक बाजूला करून, फक्त वडिलांकडे पाहून म्हणाली, "बाबा, मी तुमचीच हावो."

मामाजींच्या मिशीतलं हसू कुठे गेलं कळलंच नाही. म्हाताऱ्याने डोळे धोतराच्या सोग्याने पुसले. "थे मले मशिनीनं कायले सांगा लागते, पोरी?" आणि पूजेच्या ताटातला नारळ उचलून तिच्या हातात दिला. "नाव त्यायचं, रक्त माहं. नारेल तू फोड. मिटलं भांडन."

आमच्या तलावावर बाईने नारळ फोडल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. मंदाने एका दणक्यात फोडला. तुडूम उघडलं, पाणी धडधडत बांध्यांकडे निघालं. आणि मी कुठे होतो? बाजूलाच, टाळ्या वाजवत. पण खोटं कशाला सांगू, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या मनापासून वाजवल्या. बायको अशी सुरेख दिसत होती, की तलाव कोणी खोदला हे मी साफ विसरून गेलो.

खर्रा? सुटला हो. अख्ख्या गावाने सोडवला. पानठेल्यावर गेलो की पानठेलेवालाच म्हणतो, "बाईले विचारून या."

दिवाळीला मामाजींकडून रीतीप्रमाणे पिशवी आली. यंदा पिशव्या दोन होत्या. एकीत मंदाची माहेरची साडी. दुसरीतही साडी, मोरपंखी, आणि वर मामाजींच्या थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी: 'धाकट्या पोरीले.'

मंदा हसून हसून खाली बसली. ती साडी अजून आमच्या कपाटात आहे. आता एवढं सगळं कबूल केलंच आहे, तर हेही सांगून टाकतो. मोरपंखी रंग मला शोभतो. कसं कळलं, ते मात्र विचारू नका.