हजेरीपटावरची हरकत

कलकत्त्याला बदली होऊन जेमतेम चार महिने झाले होते, तोच मला एका एकत्र कुटुंबाचं कारभारीपण मिळालं. कुटुंब माझं नव्हतं. हुगळीपलीकडे, हावड्याच्या बाजूला, तीन नगरपालिका एकमेकींना खेटून आहेत. वर्षानुवर्षं तिघींच्या चुली वेगळ्या. सरकारने एके दिवशी आदेश काढला, की पावसाच्या पाण्याचा सगळा कारभार यापुढे तिघींची मिळून एक प्रादेशिक संयुक्त समिती पाहील. समितीला सदस्य-सचिव हवा होता. मी सरकारी कंपनीतला, नाल्या-गटारांत केस पांढरे केलेला इंजिनिअर. या मराठी माणसाची इथे कोणाशी सोयरीक नाही, एवढ्या एकाच गुणावर माझी निवड झाली असं बायकोचं म्हणणं, आणि ते खरं असावं.

घरी आम्ही त्या तिघींना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला लागलो.

पहिली बैठक सियालदहजवळच्या एका कचेरीत भरली. थोरलीचे अध्यक्ष धिप्पाड, हसतमुख, माइकची गरज नसलेले. मधलीचे अध्यक्ष कुठल्या बाजूला मान हलवायची हे ठरेपर्यंत चष्मा पुसत बसणारे. आणि धाकटीच्या अध्यक्षा निवृत्त शिक्षिका. शाळेतल्या बाईंना तिथे दिदिमणी म्हणतात, म्हणून सगळेच त्यांना दिदिमणी म्हणत, वयाने मोठे असलेले थोरलीचे अध्यक्षसुद्धा.

दिदिमणींची काळजी एकच होती, पण ती पर्वताएवढी होती. त्यांचं गाव बशीसारखं खोलगट. पाऊस लागला की तिथला पंप पाणी उपसून कालव्यात टाकतो, आणि कालवा पुढे जातो थोरलीच्या बाजारपेठेतून. नव्या आदेशानुसार पंप चालू करायला समितीची परवानगी लागणार, आणि समितीत थोरलीची मतं चार, मधलीची दोन, धाकटीचं एक. म्हणजे आपल्या घरात पाणी शिरलं की दिदिमणींनी शेजाऱ्यांना विचारायचं, मी उपसू का.

तरीही बैठक सुरळीत झाली असती. माती खाल्ली ती मी. हजेरीपट मी स्वतः तयार केला होता. नुसतं ‘उपस्थिती’ लिहिणं रुक्ष वाटलं, म्हणून उत्साहाच्या भरात वर मथळा ठोकला: ‘संयुक्त समितीस मान्यता देऊन उपस्थित असलेले सदस्य’.

दिदिमणींनी तो, परीक्षेत कॉपी सापडावी तसा धरला. सावकाश वाचला. मग पेनाला टोपण लावून कागद पुढे सरकवला.

“मी उपस्थित नाही,” त्या म्हणाल्या.

मी नम्रपणे सुचवलं की त्या माझ्यासमोरच बसल्या आहेत.

“चहाला आलेय.”

मधलीच्या अध्यक्षांचा चष्मा तत्काळ पुसून झाला. तेही चहालाच आले होते म्हणे. तिघींच्या सह्यांशिवाय बैठक ग्राह्य नाही, असं आदेशातच लिहिलेलं. मग ही न भरलेली बैठक तीन तास चालली. कडाक्याचं भांडण झालं, दोन वेळा चहा झाला, संदेश मिठाईचा खोका रिकामा झाला, आणि मी वर कळवलं की कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मथळा बदलला. शुद्ध, कोरडी ‘उपस्थिती’. दिदिमणी हसल्या. “मनात होतं ते तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत, दादा. आता नुसतं खोडलंय.” सही नाही ती नाहीच.

त्याच दुपारी, वाद ऐन रंगात असताना, आभाळ फुटलं. दिदिमणींनी पर्समधून फोन काढला आणि त्यांच्या पंपवाल्याला दोन शब्द सांगितले: “चालू कर.” फोन परत पर्समध्ये गेला. थोरलीचे अध्यक्ष मिस्कीलपणे म्हणाले, की दिदिमणी, नव्या नियमाप्रमाणे हे आम्हाला विचारायला हवं होतं.

“विचारते,” दिदिमणी म्हणाल्या. “तुमचा चहा संपू दे. तोवर माझ्याकडच्या बायका गादीवर भांडी ठेवतील, कॉटवर मुलं ठेवतील. मग तुम्ही हात वर करा.”

कोणी हसलं नाही. थोरलीचे अध्यक्षही नाही. ते खाली बघत म्हणाले, की माझ्या बाजारातही गुडघाभर पाणी चढतं, ते कोणाला सांगू.

मी ही सगळी बाजू दोन पानी इतिवृत्तात जीव ओतून लिहिली आणि आदेश काढणाऱ्या खात्यात फोन केला. तिथल्या कारकुनाने जांभई आवरत सांगितलं, की इतिवृत्त फायलीत लागतं, वाचत कोणी नाही. साहेबांच्या टेबलावर जातो तो फक्त हजेरीपट, कारण समिती भरली की नाही एवढंच ते तपासतात.

फोन ठेवला आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचलो.

तिसऱ्या बैठकीला मी नवा हजेरीपट नेला. सहीचा रकाना बोटभर, आणि शेजारी ‘शेरा’ म्हणून ऐसपैस रकाना, निबंध मावेल एवढा. दिदिमणींना म्हटलं, इथे लिहा, हा कागद वाचला जातो. त्यांनी आधी मथळा वाचून घेतला. मग टोपण काढलं आणि फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ‘उपस्थित आहे. मान्यता नाही. पंप कधी चालवायचा हे ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनीच ठरवावं.’ खाली सही. मधलीच्या अध्यक्षांनी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. थोरलीच्या अध्यक्षांनी कागद ओढून कालव्याची कैफियत लिहिली, रकाना पुरला नाही म्हणून समासातही शिरले.

पुढचे सहा आठवडे माझे वाईट गेले. एका हजेरीपटापायी आहे ती समितीही वरून बरखास्त होईल, मग पंप थेट खात्याच्या ताब्यात जाईल, असं मला रोज दुपारी, जेवणानंतर, अगदी नेमाने वाटायचं. बायको म्हणायची, दही कमी खा.

मग पत्र आलं. पंप आणि झडपा चालवण्याचा अधिकार त्या त्या नगरपालिकेकडे राहील. समितीने फक्त आराखडा करावा, कालव्याच्या रुंदीकरणासह. मी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, आणि छातीवरचं ओझं असं उतरलं की शिपायाने विचारलं, घरी काही गोड बातमी आहे का.

चौथ्या बैठकीत दिदिमणींनी पत्र स्वतः वाचून घेतलं, दोनदा. हजेरीपटावर सही केली, शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. मग खुर्ची थोरलीच्या अध्यक्षांच्या शेजारी ओढली आणि टेबलावर कालव्याचा नकाशा पसरला.

“दाखवा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बाजारात पाणी नेमकं कुठून चढतं?”