चौथ्या खिळ्यावरची पाटी
आज रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाचं नुकतंच मुंडण केलेलं डोकं दिसलं आणि सत्तरच्या दशकातला सोलापूरचा आमचा बॅडमिंटन क्लब आठवला. तिथे भिंतीवर वरून खाली, पहिल्या नंबरापासून, खिळ्यांना आमच्या नावांच्या पत्र्याच्या पाट्या टांगलेल्या असत. वरच्याला आव्हान देऊन हरवलं की त्याचा खिळा आपला, आणि तो आठ दिवसांत खेळायला आला नाही तरी आपलाच. मी पाचवा होतो. चौथ्या खिळ्यावरच्या मित्राला मी आव्हान दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील गेले. नवव्या दिवशी मी पाट्या बदलल्या. तेरावं झाल्यावर तो मुंडण केलेल्या डोक्याने आला, भिंतीकडे बघून म्हणाला, “सुतक तेरा दिवसांचं असतंय की रे.” मी म्हणालो, “नियम आठ दिवसांचा हाय.” त्याने आपली पाटी काढून खिशात घातली आणि पुन्हा कधी आला नाही. आज मोजून पाहिलं: त्या तेरा दिवसांत मी क्लबात तेरा वेळा गेलो होतो, त्याच्या घरी एकदाही नाही.