हाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि अक्काला तर नाहीच — ती आता राहिलीही नाही. बायकोला आजही वाटतं की दगडू भोकरकडं कुणाच्या तरी शेतावर मजेत राहिला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर सांगायला जड गेलं असतं.

गोष्ट तशी लहान आहे. घरचा कुत्रा मी नांदेडला, बेवारशी जनावरं सांभाळतात अशा एका ठिकाणी नेऊन दिला. एवढंच असतं तर त्यात कबूल करण्यासारखं काय? लोक देतातच. कुणाची बदली होते, कुणाचं घर लहान पडतं, कुणाला दमा असतो. माझी बदली झाली नव्हती — मी निवृत्त मास्तर. घर लहान पडलं नव्हतं. उलट वाढत होतं.

पण आधी अक्काचं सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. किल्लारीच्या बाजूचं तिचं सासर. भूकंपात नवरा गेला, दोन्ही लेकरं गेली. दगडामातीचं घर होतं. उकडतंय म्हणून ती एकटी बाहेर ओट्यावर झोपली होती, तेवढी राहिली. पुनर्वसनात मिळालेल्या घरात तिचं मन लागेना, तेव्हा मी तिला लातूरला आणलं. त्यानंतर ती कधी घरात झोपली नाही. माझं घर सिमेंटचं, पक्कं — किती वेळा समजावलं असेल मी तिला. ती सगळं ऐकून घ्यायची आणि वळकटी उचलून बाहेर पायरीशी पत्र्याखाली जायची. थंडीतसुद्धा. रस्त्यानं ट्रक गेला की उठून बसायची. "बापू, हललं का रे?" मी आतून म्हणायचो, न्हाई. शाळेत माझ्या शब्दाला मान होता, पण या एका बाबतीत अक्काचा माझ्यावर विश्वास नव्हता. ती तशीच बसून राहायची.

दगडू अगदी पिल्लू असताना आला, शेजारच्या चहाच्या हॉटेलमागून. नाव तिनंच ठेवलं. लेकरं जगत नसली की आपल्याकडं दगडू, धोंडू अशी नावं ठेवतात, निदान हे तरी जगावं म्हणून. जिचं सगळं दगडांखाली गेलं तिनं हे नाव ठेवावं, याचं मला नवल वाटलं होतं.

आणि मग तिला झोप लागायला लागली. ट्रक गेला की ती आधी दगडूकडं बघायची. तो मान वर करायचा, कान टवकारायचा, पुन्हा पायांवर हनुवटी टेकायचा — की ही आडवी. "ह्येला आधी कळतंय," म्हणायची. इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते त्या कुत्र्यानं काही दिवसांत केलं. मला त्याचा राग होता का? थोडा होता. तेही आता सांगून टाकतो.

तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिकडंतिकडं होस्टेल, मेस, अभ्यासिका. गल्लीतल्या प्रत्येकानं घरावर मजला चढवला, मीही चढवला. मुलींसाठी खोल्या काढल्या. मुखेड, देगलूर, किनवट — लांबलांबून मुली यायच्या, डॉक्टर व्हायला. सगळ्या खोल्या भरल्या. तरी मी मागच्या जागेत आणखी बांधल्या. गरज होती का? पेन्शन चालू होती, मुलगा नोकरीला लागला होता. नव्हती गरज.

नव्या खोल्या बघायला आईबाप यायचे आणि फाटकातच थबकायचे. समोर पायरीवर अक्का, तिला टेकून दगडू. मुखेडच्या एका गृहस्थाला सगळं पसंत पडलं. जाता जाता म्हणाला, "सर, तेवढं कुत्रं हाय बघा. पोरगी लई भेती." मी म्हटलं, क्लास सुरू व्हायच्या आत ते इथं नसेल. कुणाला विचारलं नाही, विचार केला नाही, बोलून मोकळा झालो.

अक्काला सांगितलं, त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात सुई द्यायची आहे. तिनं फडक्यात भाकरी बांधून दिली, त्याच्यापुरती आणि माझ्यापुरती. मी मुद्दाम नांदेड गाठलं — तिथवर अक्का एकटी कधी जाणार नव्हती. ओळखीतली जीप केली. दगडू सबंध वाटभर माझ्या पायांवर बसून होता.

गावाबाहेर पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, भुंकण्याचा एकच गलका. रेहाना नावाच्या एक बाई ते सगळं बघायच्या. त्या म्हणाल्या, "सर, घरचं धडधाकट कुत्रं आम्ही घेत न्हाई. जागाच न्हाई. चावणारं असलं तर घेतो, न्हाईतर लोक दांडक्यानं मारून टाकतेत. ह्ये चावतंय का?"

एव्हाना दगडूनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. उघड्या छत्रीला भिणारा कुत्रा. अक्काच्या हातून भाकरी घेताना तिच्या बोटांना दात लागू नयेत म्हणून आधी नाकानं चाचपून बघणारा.

मी म्हटलं — हाव.

त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्यो?"

हाव.

"चावऱ्याला मग कुणी घरी नेत न्हाई सर. इथंच ऱ्हातंय ते." हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

आमच्याकडं होकाराला हाव म्हणतात. पुस्तकी मराठीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा. माझी उभी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. तो अर्थ वाक्यात उपयोग करून मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेला आहे.

घरी येऊन सांगितलं, दवाखान्यात भोकरची माणसं भेटली, शेतकरी आहेत, त्यांनी फारच गळ घातली. अक्का भांडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "नाव सांगितलास का त्येंला?" मी म्हटलं, हाव. "झोपायला कुणाजवळ असंल?" घरातल्या म्हातारीजवळ, मी म्हटलं. हे मला कुठून सुचलं कोण जाणे. ती बरं म्हणाली आणि भाकरीचं फडकं धुवायला घेऊन गेली.

मुखेडची मुलगी राहायला आली. चांगली होती, अक्काजवळ बसून बोलायची. आणि रात्री पुन्हा ट्रक, पुन्हा "हललं का रे?" पुन्हा माझं न्हाई.

इथवर सांगून थांबावं असं मी ठरवलं होतं. पण जे सांगायचं टाळत आलो ते याच्या पुढं आहे.

पुढच्या वर्षी कधीतरी रेहानाबाईंचा फोन आला. किनवटकडचं एक जोडपं आलंय, दगडू त्यांना फार आवडलाय, पण चावरा म्हटल्यावर कचरतायत. "हितं आल्यापास्नं तर कुणालाच चावला न्हाई सर तो. तुमच्याकडं खरंच चावला होता का? न्हाई म्हणा, आत्ता देते त्येंला."

बघा, किती सोपं होतं. एक न्हाई. त्याला घर मिळालं असतं. अक्काला सांगितलेलं खोटंही जवळजवळ खरं झालं असतं. किंवा म्हणता आलं असतं की थांबा, मीच येतो न्यायला — अक्का तर समोरच बसली होती, भुईमुगाच्या शेंगा फोडत. पण न्हाई म्हटलं की मी तेव्हा खोटं बोललो, हे त्या बाईंना कळणार होतं. त्या मला सर म्हणत होत्या. ज्या बाईंशी माझी पुन्हा कधी गाठ पडणार नव्हती, त्यांच्यापुढं मला खोटं पडायचं नव्हतं.

मी म्हटलं, "हाव. चावला होता. पोरीला."

पोरीला, हे मला कुणी विचारलंही नव्हतं.

फोन ठेवला. अक्काचे हात थांबले होते. "कोण चावलं रे बापू?" मी म्हटलं, शाळेतल्या माणसाचा फोन होता, कुठल्या तरी कुत्र्याचं बोलत होता. ती माझ्याकडं बघत राहिली. मग बरं म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

तिला किती कळलं, मला ठाऊक नाही. नांदेडला मी पुन्हा कधी फोन केला नाही.

अक्का पुढं बरीच वर्षं होती. शेवटपर्यंत पायरीशीच झोपली. ट्रक गेला की उठून बसलेली मला खिडकीतून दिसायची, शेजारी रिकाम्या जागेकडं बघत. पण हललं का, असं तिनं मला त्या दिवसानंतर कधी विचारलं नाही.