त्याच्या गाडीतलं बक्कल

वडखळ नाक्यावर तो गाड्यांना नव्या सीटा बसवून द्यायचा. सीट रुंद निघाली की बेल्टचं बक्कल तिच्याखाली दबायचं. मग सीट पुन्हा काढून तो बक्कल वर घ्यायचा, स्वतः बसून बेल्ट लावायचा आणि जोरात हिसका द्यायचा. "धरतोय. आता जा."

त्याच्या स्वतःच्या गाडीत मात्र चालकाचं बक्कल कायम दबलेलं. मी टोकलं की म्हणायचा, "गिऱ्हाइकांचं आटपू दे, भाऊ."

यंदा पेणच्या कारखान्यात गाठ पडली. त्याने गणपती शेजारच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावला, हिसका दिला. "देव हाय, हलता कामा नाय."

पुढे वळणावर ट्रक आडवा आला. मूर्तीला ओरखडाही नव्हता.

त्याच्या घरात सुतक, म्हणून तो गणपती आमच्याकडे बसला.